हात खिशात!

यंदा स्टुडिओ बंद करायचं ठरलं आणि मी निगेटिव्हचं कपाट आवरायला घेतलं. नारायणगावात एसटी स्टँडच्या मागच्या बाजूला आमचा फोटो स्टुडिओ. पाटीवर नाव ह्यांचं. रोल, पाकिटं आणि पाकिटांवरच्या चिठ्ठ्या माझ्याकडे. कपाटाला तीन कप्पे. वरचा लग्नांचा, मधला बारशी आणि शाळांच्या गटफोटोंचा, खालचा पोलिसांचा. एखाद्या पाकिटाची चिठ्ठी गळून पडली असली तरी आतला एक फोटो बघून मी कप्पा सांगते. लग्नातली माणसं कॅमेऱ्याकडे बघतात. शाळेतल्या पोरांचा ऊन डोळ्यांवर आल्यामुळे एक डोळा मिटलेला असतो. आणि पोलिसांच्या फोटोत पुढे तुटलेलं कुलूप नाहीतर उचकटलेली खिडकी, आणि मागे अख्खी आळी उभी. पुरुषांचे दोन्ही हात खिशात. बायकांनी पदराचं टोक दोन्ही मुठींत घट्ट धरलेलं. पोरांनी स्वतःचे कान धरलेले. माहीत नसलेल्या माणसाला वाटावं, गावाला कसलीतरी शिक्षा झालीय.

ही शिक्षा सावळेराम हवालदारांची.

नव्वदच्या दशकात आमच्या भागात कुठे घरफोडी झाली, मोटार उलटली, विहिरीत काही सापडलं, की घटनास्थळाचा पंचनामा लिहायला हवालदार यायचे. जागेवर पोचले की फटफटी स्टँडला लावायच्या आधीच त्यांचा आवाज यायचा, "हात खिशात!" समोर सरपंच असो, शाळेचे हेडमास्तर असोत. एकदा त्यांचे स्वतःचे साहेब कपाटाच्या कडीकडे हात नेत होते. हवालदार मागून ओरडले. साहेबांनी दचकून वळून बघितलं.

"तुमाला न्हाई साहेब, पब्लिकला म्हणालो," हवालदार म्हणाले. पण साहेबांचे हात खिशात जाईपर्यंत ते जागचे हलले नाहीत.

ज्यांना खिसे नाहीत त्यांचीही सोय होती. धोतरवाल्यांनी हात पाठीमागे बांधायचे. बायकांनी पदराचं टोक धरायचं. पोरांनी कान.

"कान कशाला हो?" मी एकदा विचारलं.

"कान धरल्यालं पोर वाकत न्हाई, ताई. आन् वाकलं न्हाई तर उचलत न्हाई."

हवालदार अंगानं भरपूर होते. रस्त्यावर चालायचे ते दोन्ही पाय ओढत, चपला फरफटवत. पण जागेची हद्द सुरू झाली की टाचा वर. ओल्या शेतात बगळा चालतो तसे चवड्यांवर, एक पाय टेकवण्याआधी चारदा खाली बघत. एवढा मोठा माणूस असा चालताना बघून लोक हसायचे. हसणाऱ्याला ते म्हणायचे, "हसा राव. पण हात खिशात ठिवून हसा."

या सगळ्यामागे त्यांची एक इच्छा होती. चहाच्या टपरीवर, पोलीस ठाण्याच्या ओट्यावर, जिथे बसतील तिथे ते ती बोलून दाखवायचे. "मला आख्ख्या नोकरीत एक जागा मिळू द्या, ताई. एकच. चोर गेला आन् त्याच्यामागं थेट मी आलो. मधी कुणी न्हाई. झाडू न्हाई, पाणी न्हाई, पाव्हणंरावळं न्हाई. चोरानं जशी ठिवली तशी."

ही इच्छा पुरी होणं किती अवघड होतं, ते मला पहिल्याच दिवशी कळलं. वैशाखातले दिवस, हे ओतूरला लग्नाचे फोटो काढायला गेलेले. हवालदार दुकानात आले आणि म्हणाले, "फोटोवाले न्हाईत? मग तुमी चला." मी दुकानाला कुलूप लावलं आणि गेले. पुढे बहुतेक वेळा मीच जायची, कारण ह्यांना रक्त बघवत नाही. घरी कोंबडी कापायची असली तरी हे देवदर्शनाला निघून जातात.

त्या दिवशीची चोरी जवळच्याच एका मळ्यातल्या घरात झाली होती. घरची माणसं सकाळी टोमॅटो तोडायला गेली आणि मागे कुणीतरी मागचं दार उचकटून कपाट साफ केलं. आम्ही पोचलो तेव्हा अंगण झाडून सडा घातलेला होता. दारात रांगोळी होती. आत फरशी ओली होती आणि स्टोव्हवर चहा ठेवला होता. घरच्या वहिनी डोक्यावर पदर घेऊन समोर आल्या.

"या सायेब. लई पसरून गेल्ते मेले. समदं कपाट खाली वतलेलं. तुमी येणार म्हणून आमी जावाजावांनी मिळून लख्ख केलं."

एसटी स्टँडवर धापा टाकत पोचावं आणि गाडी वळणावरून जाताना दिसावी, तसा हवालदारांचा चेहरा झाला. ते उंबऱ्याबाहेरच थांबले.

"वहिनी, कपाट कसं व्हतं?"

"सताड उघडं व्हतं."

"मग आता?"

"आता लावलं की. पाव्हण्यापुढं उघडं कसं ठेवायचं?"

"आन् कडी?"

"पुसली. लई हात लागलं व्हतं तिला."

हवालदारांनी डोळे मिटून घेतले. "कुणाचं हात?"

"चोराचंच असतील. आमी कशाला एवढी घाण करू?"

तिच्या बाजूनं बघितलं तर ती चुकली नव्हती. घरी कुणी मोठं माणूस येणार म्हटल्यावर घर पसरलेलं ठेवणं हा तिच्या लेखी चोरीपेक्षा मोठा गुन्हा होता. अख्ख्या जुन्नर-आंबेगावात तेव्हा हाच कायदा होता. चोरानं केलेल्या पसाऱ्याची लाज घरच्या बाईला.

हवालदार चिडले नाहीत. त्यांनी एकच विचारलं, "केर कुठं टाकला?" गोठ्यामागच्या उकिरड्यावर. लगेच चवड्यांवर तिकडे निघाले आणि उकिरडा ही घटनेची दुसरी जागा असल्याचं जाहीर केलं. "हात खिशात!" सगळ्यांनी ऐकलं, फक्त म्हशीनं ऐकलं नाही. मग वहिनींकडून पिठाची चाळण मागितली. वहिनी पिठाची चाळण उकिरड्यासाठी द्यायला तयार होईनात. शेवटी कोंबड्यांच्या दाण्याची चाळण मिळाली. अर्धा तास केर चाळल्यावर पेचकसाचं मोडकं टोक निघालं. मी त्याचा फोटो घेतला. ते पाकिटात गेलं, पाकिटावर दोरा, दोऱ्यावर लाख. पुढे आळेफाट्याला एकाच्या पिशवीत बिनटोकाचा पेचकस सापडला, आणि ते टोक त्याला बरोबर बसलं.

त्या दिवशीच्या पंचनाम्यात त्यांनी एक वाक्य लिहिलं होतं, 'सदर जागा पाहता ती घटनेपूर्वीपेक्षाही स्वच्छ असल्याचे दिसून येते.' साहेबांनी त्यावर लाल रेघ मारली. हवालदार म्हणाले, "साहेब, डोळ्याला दिसलं ते लिवलं." हा त्यांचा दुसरा नियम. दिसेल ते लिहायचं. असं का झालं, तसं का झालं, ते लिहायचं नाही. "'का'ला पंचनाम्यात जागा नसती, ताई. 'का' कोर्ट बघंल."

लिहिण्याची ही सवय त्यांच्या बोलण्यातही उतरली होती. पंचनाम्यात आधी जागेच्या चारी बाजूंना काय आहे ते सांगावं लागतं. हवालदार कुठलीही गोष्ट तशीच सांगायचे. आमच्या लेकीच्या, स्वातीच्या वाढदिवसाला जेवायला आले होते. घरी गेल्यावर बायकोनं काय काय होतं विचारलं, तर म्हणाले, "ताटाच्या उत्तरेस लिंबू, पूर्वेस मटकीची उसळ, दक्षिणेस पुऱ्या, मध्यभागी श्रीखंड, त्यास लागून माझे बोट." हे मला त्यांच्या बायकोनं, हौसाकाकूंनी सांगितलं. काकूंची तक्रार वेगळीच होती. "आवं, घरात लोणच्याच्या बरणीलासुदिक दोरा बांधून लाख लावून ठिवली. नातू हात घालतो म्हणं. आता मला फोड काढायची झाली तर मी काय दोन पंच बोलवू?"

पंच मिळणं ही खरी अडचण होती. पंचनाम्याला दोन पंच लागतात, त्यांच्यादेखत जागा बघायची, त्यांच्या सह्या घ्यायच्या. सही केली की पुढे कधीतरी कोर्टात साक्षीला जावं लागतं, कामधंदा सोडून बाकावर बसावं लागतं. त्यामुळे हवालदारांची फटफटी वेशीत वाजली की पार मोकळा व्हायचा. पत्ते तिथेच पडलेले, माणसं गायब. एकदा तर चहावाला उकळता चहा सोडून गेला होता.

हवालदारांनी त्यावर उपाय काढला. ते थेट न्हाव्याच्या दुकानात जायचे. अर्धी दाढी झालेला माणूस पळत नाही.

असेच त्यांना कासमभाई सापडले. कासमभाई जुन्नरचे, बांगड्यांचे व्यापारी, आमच्या बाजाराला माल घेऊन यायचे. गळ्याभोवती कापड, एक गाल तुळतुळीत, दुसऱ्यावर फेस, अशा अवस्थेत त्यांना आरशात हवालदार दिसले.

"हवालदार, मेहेरबानी करा. दाढी तरी पुरी होऊ द्या."

"जागा थांबत न्हाई, भाऊ. तिकडं कुणीतरी झाडू हुडकत आसंल. चला."

"अशानं लोक हसतील मला."

"हसू द्या की. पण तुमी समदं नीट बघा. कुलूप, दार, उंबरा."

दुकानफोडी होती. कासमभाईंनी गालावरचा फेस रुमालानं पुसत सगळं बघितलं आणि सही केली. माझ्या फोटोत ते एका कडेला आले आहेत, अर्धे गुळगुळीत, हात खिशात.

बऱ्याच काळानं तो खटला उभा राहिला. फोटो मीच काढले असल्यामुळे मलाही बोलावलं होतं. आरोपीच्या वकिलांनी कासमभाईंना धरलं. एवढ्या जुन्या दिवशीची गोष्ट यांना आठवतेच कशी?

"कैसे भूलूंगा, साहेब?" कासमभाई म्हणाले. "त्या दिवशी माझी अर्धीच दाढी झाली होती. परत गेलो तर न्हाव्यानं दुकान बंद केलं होतं. तसाच जुन्नरला गेलो. बीवीनं दार उघडलं आणि परत लावून घेतलं."

सगळं कोर्ट हसलं. मग त्यांनी कुलूप कुठे पडलं होतं, दार कुठल्या बाजूला कललं होतं, उंबऱ्यावर कसला ओरखडा होता, सगळं न अडखळता सांगितलं. वकिलांनी तो विषय सोडला आणि फोटो हातात घेतले. प्रत्येक फोटोत कुलपाशेजारी, ओरखड्याशेजारी एक लाकडी फूटपट्टी होती. वस्तू केवढी आहे ते फोटोत कळावं म्हणून हवालदार पट्टी ठेवायला लावायचे, आणि मी घाईत घरातली उचलून नेली होती. वकिलांनी चष्मा वर केला. "या पट्टीवर 'कुमारी स्वाती, तिसरी ब' असं लिहिलंय. या कुमारी स्वातीचा गुन्ह्याशी संबंध काय?"

हवालदार मागच्या बाकावर होते. ते उभे राहिले. "काही न्हाई, साहेब. ती त्या वेळी शाळेत व्हती." त्यांना लगेच खाली बसवण्यात आलं. ती पट्टी मी पुढेही बदलली नाही. तालुक्यातल्या कितीतरी गुन्ह्यांत आमच्या स्वातीचं नाव आहे.

पावलांचे ठसे ही हवालदारांची खास आवडती गोष्ट. ठसा दिसला की ते पहिल्यांदा ओरडायचे, "डालगं आणा!" कोंबड्या झाकायचं वेताचं डालगं. ते ठशावर उपडं घालायचं म्हणजे कुत्रं, कोंबडी, माणूस कुणी वर पाय देत नाही. मग निवांत फोटो, माप. एका गावात त्यांनी पोलीस पाटलांना आधीच निरोप धाडला होता, आम्ही येईपर्यंत जागेवर कुणाला जाऊ देऊ नका. आम्ही गेलो तर पाटील काठी घेऊन दारात ताठ उभे. आजूबाजूला सगळं जसंच्या तसं. झाडू फिरलेला नाही, सडा नाही. हवालदारांचे डोळे चमकले. ते मला हळूच म्हणाले, "ताई, आज दिवस उजाडला वाटतं."

आत मातीच्या जमिनीवर ठसेच ठसे होते. टायरच्या चपलेचे, एकदम स्वच्छ. गावातून तीन डालगी आली. मी पट्टी ठेवून फोटो घेत गेले, हवालदार मापं घेत गेले. चोर खोलीत शिरला, कपाटाशी गेला, परत दाराशी आला, परत आत गेला, खाटेखाली वाकला, पुन्हा दाराशी. हवालदार पुटपुटले, "लई बेचैन माणूस दिसतोय." मग त्यांची नजर दारातल्या पाटलांच्या पायांवर गेली.

"पाटील, तुमी आत गेल्ता?"

"तर! पाच वेळा. कुणी आत शिरलंय का बघाया नको का? मी सोडून एका माणसाला पाऊल टाकू दिलं न्हाई."

हवालदारांनी तिन्ही डालगी उचलून बाजूला ठेवली. मग त्यांनी पाटलांना चहा पाजला. पाटलांना शेवटपर्यंत वाटत राहिलं की आपल्या कामावर हवालदार खूश आहेत.

परतताना टपरीवर मी हसत म्हणाले, "एवढं काय मनाला लावून घेता? एखादी जागा झाडली गेली तर गेली." हवालदार हसले नाहीत. आणे पठारावरच्या एका गावातली गोष्ट त्यांनी तेव्हा सांगितली. परत कधी सांगितली नाही.

नोकरीतली पहिलीच वर्षं. एका मोठ्या घरातली सोन्याच्या पुतळ्यांची माळ गेली. हवालदार पोचले तोवर घर सारवून झालं होतं. हाती काही लागेना. माळ तर गेलेली, कुणाकडे तरी बोट दाखवायला हवं. घरच्या सालगड्याकडे दाखवलं, भिवा त्याचं नाव. त्यानं घेतली असं सांगणारं काही नव्हतं. नाही घेतली असं सांगणारंही काही उरलं नव्हतं. त्याला चौकीवर बसवलं, सोडून दिलं. पण गावात त्याला कुणी कामावर घेईना, विहिरीवर त्याच्या बायकोशी कुणी बोलेना. एके दिवशी डोक्यावर गाठोडं घेऊन दोघं गाव सोडून गेली. पुढे माळ सापडली. घरच्याच पुतण्यानं घेतली होती, मागच्या दारानं.

"मागल्या दाराशी जमीन ओली व्हती, ताई. त्याचं पाऊल तिथं असणारच. मी उभा व्हतो त्या सारवणाखाली व्हतं. ते दिसलं असतं तर भिवा आज गावात असता." चहा पिऊन झाल्यावर म्हणाले, "हुडकला मी त्याला. न्हाई मिळाला."

त्यानंतर गर्दीत कुणी खिशातून हात काढला की हवालदारांच्या आधी मीच ओरडायला लागले.

ते निवृत्त झाले तेव्हा पोलीस ठाण्याच्या आवारात छोटा समारंभ झाला. फोटो मीच काढले. शाल झाली, नारळ झाला. मग सहकाऱ्यांनी एक लांबट पुडकं दिलं. खाकी कागद, दोरा, दोऱ्यावर लाख. हवालदारांनी आधी लाख तपासली, मग दोरा सोडला. आत कोरा करकरीत झाडू होता. सगळ्यांत जास्त तेच हसले. भाषणात म्हणाले, "समदं मिळालं. साहेब चांगलं मिळालं, माणसं चांगली मिळाली. एक जागा तेवढी ऱ्हायली." आणि झाडू खांद्याला लावून पेठला आपल्या घरी राहायला गेले.

पुढच्या काही वर्षांत सगळं बदललं. आम्ही डिजिटल कॅमेरा घेतला, स्वाती पुण्याला इंजिनिअरिंगला गेली. पोलिसांकडे स्वतःचे कॅमेरे आले, त्यामुळे आम्हाला बोलावणं क्वचितच यायचं. म्हणून एका उन्हाळ्यात दुपारी तरुण फौजदारांचा फोन आला तेव्हा मला जरा आश्चर्य वाटलं. त्यांचा कॅमेरा बिघडला होता. "पेठला या. सावळेराम हवालदारांच्या घरी चोरी झालीय."

मी कॅमेरा घेतला, जुनी पट्टी घेतली आणि जीपमध्ये बसले.

हवालदार ओट्यावर बसले होते. अंगात बनियन, खाली लुंगी. दोन्ही पाय घोट्यापर्यंत पांढरेशुभ्र, मोजे घातल्यासारखे. समोर आळी जमलेली. पुरुषांचे हात खिशात, बायकांच्या मुठीत पदर. एवढ्या वर्षांनीही कुणाला सांगावं लागलं नव्हतं. बोलत होत्या त्या हौसाकाकू.

"मी शेजारी कुरडया घालाया गेल्ते. हे मळ्यातून आले तर दार फोडल्यालं. यांनी मला हाक मारली म्हणं. मला कशी ऐकू यावी, तिथं पोरींनी गाणी लावल्याली. मी वो दिली न्हाई म्हणताना हे शिरले आत आन् पळत सुटले घरभर. न्हाणीत बघितलं, दारामागं बघितलं, खाटंखाली बघितलं. कपाटाची दारं उघडून बघितली! आता मी कपाटात मावते का, तुमीच सांगा. तांदळाच्या कोठीतसुदिक डोकावले म्हणं."

बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. हवालदार पायांकडे बघत होते.

"मी आले तर हे सैपाकघरात मधोमध उभं. समदीकडं पीठ. चोरानं दागिनं हुडकाया पिठाचा डबा उपडा केल्ता. मी म्हणाले, आवं, हे काय करून ठेवलंत? आन् खुंटीवरचा त्यो निरोपाचा झाडू घेतला हातात. तर हे ओरडलं न्हाईत, की काय न्हाईत. नुसतं माझ्याकडं बघत ऱ्हायले. मी म्हटलं, माणसाला झटकाबिटका आला का काय. मग माझा मीच ठिवला झाडू. म्हटलं, आवं, पंचनामा व्हायचाय न्हवं?"

फौजदार आणि मी आत गेलो. स्वयंपाकघराच्या जमिनीवर भिंतीपासून भिंतीपर्यंत पीठ पसरलं होतं, बारीक, सपाट, चाळून घातल्यासारखं. त्यात चोराचे बूट उमटले होते. तळव्याची नक्षी, एका टाचेची झिजलेली कड, सगळं रेखून काढल्यासारखं. झाडू नाही, पाणी नाही, पाव्हणे नाहीत. चोर गेला होता आणि त्याच्यामागे थेट हवालदार आले होते.

आणि सगळ्या ठशांवर अनवाणी पावलं होती. आत गेलेली, वळलेली, परत आलेली, पुन्हा आत गेलेली. ती बगळ्याची चाल नव्हती. टाचांसकट पुरती टेकलेली पावलं, बोटं पिठात रुतलेली.

मागच्या दाराशी एक डालगं उपडं घातलेलं होतं. ते उचललं तर खाली बुटाचा एक अख्खा ठसा होता. तेवढा एक वाचला होता, आणि काकू आल्यावर हवालदारांनी तो झाकला होता. मी पट्टी ठेवून त्याचे फोटो घेतले.

फौजदार लिहायला बसले. "काका, ही अनवाणी पावलं?"

हवालदार दारापर्यंत आले होते. घसा साफ करून ते सांगू लागले, "लिवा साहेब. सदर अनवाणी पावले घरमालकाची असून ती घराच्या सर्व खोल्यांत सर्व दिशांना गेलेली दिसून येतात."

"कारण काय लिहू?"

"'का'ला पंचनाम्यात जागा नसती."

"आवं, सरळ सांगा की," काकू मागून म्हणाल्या, "मला हुडकत व्हते म्हणून."

फौजदारांनी हवालदारांकडे बघितलं. हवालदार भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होते. फौजदारांनी शेवटी काय लिहिलं ते मला माहीत नाही, मी कॅमेऱ्यात डोळा घालून होते. उपड्या डब्याचा तेवढा फोटो राहिला होता. मी बटण दाबणार एवढ्यात हवालदार सवयीनं वाकले आणि डबा सरळ करायला त्यांचा हात पुढे गेला.

"काका," फौजदार म्हणाले, "हात खिशात."

हवालदारांनी हात मागे घेतला. उजवीकडे चाचपलं, डावीकडे चाचपलं. लुंगीला खिसा नव्हता. हात पाठीमागे बांधायचे, हा त्यांचाच नियम त्यांना आठवेना. काकूंनी आपला पदर ओढला आणि त्याचं टोक त्यांच्या हातात दिलं.

"घ्या. धरा गुमान."

त्यांनी ते दोन्ही मुठींत धरलं आणि पांढऱ्या पायांनी तसेच तिच्याशेजारी उभे राहिले.

मी आधी त्यांचा फोटो घेतला, मग डब्याचा. त्या दिवशीच्या सगळ्या फोटोंना नंबर देऊन यादी फौजदारांकडे पोचवली. हा एक यादीत बसेना, तो मी छापून माझ्याकडे ठेवला. परवा कपाट आवरताना तो पोलिसांच्या पाकिटांतून हाती आला. कपाट नीट लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. थोडा वेळ तो हातात धरून बसले, मग उठून वरच्या कप्प्यात, लग्नांच्या फोटोंत ठेवला.